नकार वारशाचा, होकार घरचा

फ्रान्सच्या दक्षिणेला, ऱ्होन नदीपासून पार पिरेनीज डोंगरांपर्यंत पसरलेल्या एका जुन्या प्रांताचं नाव आहे लाँगदॉक. वाइनच्या बाटलीवर ते अनेकांनी वाचलं असेल. नाव फोडलं की 'लाँग द ऑक' निघतं, म्हणजे 'ऑक'ची भाषा. आणि 'ऑक' म्हणजे 'हो'. तिथली माणसं होकार देताना 'ऑक' म्हणायची म्हणून त्यांची भाषा 'ऑक'ची झाली आणि ती बोलणारा मुलूखही. मुलखांना नावं मिळतात राजांवरून, नद्यांवरून, जमातींवरून. होकारावरून पडलेलं नाव विरळाच.

तसं पाहिलं तर आपणही माणसाचं गाव त्याच्या होकारावरून ओळखतोच. फोनवर पलीकडून 'व्हय' आलं की कान सांगलीकडे जातात, 'हौ' आलं की नागपूरकडे. पण म्हणून कुणी नकाशावर 'व्हयवाडी' छापली नाही. युरोपात ते घडलं, आणि त्याला कारण झाली लॅटिनमधली एक उणीव.

लॅटिनला 'हो' नव्हता. निदान 'हो' एवढंच काम करणारा एकुलता एक शब्द नव्हता. सिसेरोच्या रोममध्ये कुणी विचारलं, 'येतोस का?' तर उत्तर 'येतो' असं क्रियापदानेच जायचं. नाहीतर 'इता', म्हणजे 'असंच'. 'सिक', म्हणजे 'असं'. 'वेरो', म्हणजे 'खरंच'. एवढं मोठं साम्राज्य, एवढा कायदा, एवढे करारमदार, आणि होकार भरायचा तो हाताला येईल त्या शब्दाने. पुढे साम्राज्य मोडलं, लॅटिनच्या जागोजागी बोली झाल्या आणि प्रत्येक बोलीने त्या ढिगातून आपापला होकार उचलला. इटलीने आणि स्पेनने 'सिक' घेतला, त्याचा 'सी' झाला. पोर्तुगालात तोच नाकात जाऊन 'सिं' झाला. दक्षिण फ्रान्सने 'होक' उचलला. 'होक' म्हणजे 'हे'. 'तू हे केलंस?' 'हे.' लॅटिनमधला 'ह' केव्हाच गळाला होता, उरला 'ऑक'.

उत्तर फ्रान्सची गंमत याहून मोठी. तिथेही 'होक'च होता, पण घासून नुसता 'ओ' उरलेला. मग त्या 'ओ'ला सर्वनामाचा टेकू दिला गेला. 'ओ जे' म्हणजे 'हे, मी', 'ओ तू' म्हणजे 'हे, तू', 'ओ इल' म्हणजे 'हे, तो'. कोण काय करतं त्याप्रमाणे होकार बदलायचा. हळूहळू बाकीचे मागे पडले आणि 'ओ इल' सगळ्यांसाठी सरसकट वापरात आला. 'ओईल'मधला 'ल' गळला, 'उई' झालं, आणि आज आपण ज्याला 'वी' म्हणतो तो फ्रेंच होकार तयार झाला. लग्नाच्या वेदीपुढे पॅरिसमधली वधू जे 'वी' म्हणते त्याचा शब्दशः अर्थ 'हे तो' असा आहे. प्रसंगाला अगदीच विसंगत नाही म्हणा.

या तीन होकारांवरून भाषांची वर्गवारी केली ती दान्तेने. १३०२ साली फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेला हा कवी पुढच्या दोन-तीन वर्षांत लोकभाषेच्या थोरवीवर एक ग्रंथ लिहायला बसला. लोकभाषेची बाजू मांडणारा ग्रंथ आणि तो लॅटिनमध्ये, कारण ज्यांना पटवायचं होतं ते पंडित लॅटिनच वाचत. (ज्ञानेश्वरांनी 'माझा मराठाचि बोलु' म्हटलं ते याच्या जेमतेम पंधरा वर्षं आधी, आणि त्यांनी ते थेट मराठीतच म्हटलं. तेवढा अभिमान आपण मिरवून घ्यावा.) दान्तेचा ग्रंथ अर्धवटच राहिला, पण त्यातली एक वर्गवारी सातशे वर्षं टिकली. काही जण होकारात 'ऑक' म्हणतात, काही 'ओईल', काही 'सी', आणि उत्तरेकडचे जर्मन, इंग्रज वगैरे बहुतेक सारे 'यो'. व्याकरण, धातू, विभक्ती सगळं बाजूला ठेवून त्याने माणसाच्या तोंडातला सगळ्यात छोटा शब्द कसोटीला लावला.

मला त्याहून जास्त आवडतो तो कवितेतला दान्ते, कारण तिथे तो होकारांवरून लोकांना टोचतो. त्याच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्यातल्या नरकात इटलीतल्या बोलोन्या शहराचा एक सरदार भेटतो, ज्याने पैशासाठी स्वतःच्या बहिणीला एका उमरावाच्या हवाली केलं होतं. तो सांगतो की सावेना आणि रेनो या दोन नद्यांच्या मधे आज 'सिपा' म्हणायला शिकणाऱ्या जिभा जितक्या असतील त्याहून जास्त बोलोन्याकर इथे भरलेत. 'सिपा' हा बोलोन्याचा खास गावठी होकार, 'असो, होवो' या अर्थाचा. दोन नद्या आणि एक होकार, एवढ्यात अख्खं गाव उभं केलं. लुक्का शहरावरची चपराक तर मराठी वाचकाला टीप न देताही कळेल. तिथे सगळेच लाचखाऊ, बोन्तुरो सोडून, असं एक सैतान म्हणतो. आणि पैसे दिले की तिथे 'नाही'चं 'इता' होतं. बोन्तुरो हा त्या काळचा नामांकित लाचखाऊ होता, म्हणजे 'सोडून' हा शब्द किती तिखट आहे पाहा. 'इता' हा लॅटिन होकार, कागदोपत्री चालणारा. नकाराचा होकार बोलीत होत नाही, दफ्तरात होतो, हे चौदाव्या शतकातल्या लुक्कात जसं होतं तसंच.

आणि मग तो प्रसिद्ध शाप. पिसा शहराने एका सरदाराला त्याच्या मुला-नातवांसकट मनोऱ्यात कोंडून उपाशी मारलं, ती कथा ऐकून दान्ते पिसाला शिव्या घालतो, आणि शिवीच्या मधोमध इटलीचा उल्लेख येतो तो असा: 'जिथे सी घुमतो तो सुंदर देश'. तेव्हा इटली नावाचं राज्य नव्हतं, ते व्हायला १८६१ उजाडावं लागलं. एकमेकांच्या जिवावर उठलेली शहरं होती आणि त्यांना जोडणारा एक होकार होता. राजकीय एकात्मतेसाठी हा पाया फारच नाजूक, पण कवीला पुरला.

'ऑक'चं नशीब मात्र वेगळं निघालं. बाराव्या शतकात त्रुबादूर कवी याच भाषेत गात होते, युरोपभर तिचा दबदबा होता. १२०९ मध्ये पोपच्या आशीर्वादाने उत्तरेकडचं सैन्य चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथार पंथीयांचं पारिपत्य करायला दक्षिणेत उतरलं, बेझिए शहरात सरसकट कत्तल झाली, वीस वर्षं धुमाळी चालली. १२७१ मध्ये तुलूजचा मुलूख थेट फ्रेंच राजाकडे गेला. 'ऑकची भाषा' हे नाव प्रांताला चिकटलं ते त्यानंतर, तेराव्या शतकाच्या शेवटाकडे, राजाच्या कारकुनांकडून. म्हणजे लोकांचा होकार त्यांच्या मुलखाचं नाव बनला तेव्हा मुलूख त्यांच्या हातातून गेलेला होता. १५३९ मध्ये पहिल्या फ्रान्स्वा राजाने हुकूम काढला की न्यायालयाचे कागद फ्रेंच मातृभाषेत लिहावेत. रोख लॅटिनवर होता, पण लागलं 'ऑक'लाही. एकोणिसाव्या शतकात शाळा आल्या, आणि शाळेत घरची भाषा बोलणाऱ्या पोराला शिक्षा व्हायला लागली. फ्रेदेरिक मिस्त्राल याने आयुष्यभर याच भाषेच्या प्रोव्हाँसाल बोलीत लिहून १९०४ चं नोबेल मिळवलं, तोवर भाषा स्वयंपाकघरात आणि शेतात मागे हटली होती.

आमच्या ओळखीतलं पुण्याचं एक जोडपं तुलूजमध्ये राहतं, विमानांच्या कामामुळे. त्यांच्याकडे गेले असताना मेट्रोत बसले तर प्रत्येक स्टेशनाचं नाव दोनदा ऐकू येई, आधी फ्रेंचमध्ये, मग ऑक्सिताँमध्ये, म्हणजे याच 'ऑक'च्या भाषेत. रस्त्यांच्या पाट्यांवरही दोन नावं, फ्रेंच 'रू' आणि खाली 'कारिएरा'. २०१६ पासून त्या अख्ख्या विभागाचं अधिकृत नाव ऑक्सितानी आहे. पाटीवर, नकाशावर, बाटलीवर, सगळीकडे 'ऑक' आहे. बाजारात भाजीवाल्याच्या तोंडून मात्र मी फक्त 'वी' ऐकला.

आता जरा उलट बाजू. 'नाही' पाहिलात तर तो कुणाला नव्याने शोधावा लागलेला नाही. संस्कृत 'न', फारसी 'ना', लॅटिन 'नोन', रशियन 'न्येत', लिथुआनियन 'ने', जर्मन 'नाइन', इंग्रजी 'नो', मराठी 'नाही'. हजारो वर्षांचा आणि हजारो मैलांचा पसारा, पण 'न' सगळीकडे तोच. नकार हा घराण्याचा वारसा आहे. होकाराला असा सामाईक पूर्वजच नाही, तो ज्याने त्याने घरच्या घरी केला. कारणही उघड आहे. नकारायला चिन्ह लागतं, 'येतो'चं 'येत नाही' करायला काहीतरी जोडावंच लागतं. होकाराला 'येतो' एवढंच पुरतं. म्हणून होकाराचे शब्द उशिरा आले आणि हाताशी जे होतं त्यातून बेतले गेले.

आणि बेतण्याचे प्रकारही फार नाहीत. एक 'असं', एक 'हे', एक 'आहे' किंवा 'होवो'. पोलिश आणि युक्रेनियन 'ताक' म्हणजे 'असं', लॅटिन 'सिक'सारखंच. बोलोन्याचं 'सिपा' म्हणजे 'होवो'. आणि आपलं 'होय' तर सरळ 'होणे' या क्रियापदाचं रूप, 'होतं, आहे' असं सांगणारं. संस्कृतातही हाच खेळ आहे. ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाची कथा राजाला ऐकवताना 'होता' नावाचा ऋत्विज ऋचा म्हणतो आणि 'अध्वर्यू' हा दुसरा ऋत्विज 'ओम्' म्हणून दुजोरा देतो. गाथा म्हटली की दुजोरा 'तथा' असा. वर स्पष्टीकरण: ओम् हा देवांचा, तथा हा माणसांचा. माणसांचा होकार पुन्हा 'असं'! आणि ओम् हा मुळात होकार होता, छांदोग्य उपनिषदाने त्याला सरळ 'अनुज्ञाक्षर', म्हणजे संमतीचं अक्षर, म्हटलंय. बृहदारण्यकात शाकल्य याज्ञवल्क्याला विचारतो, देव किती? उत्तर येतं तीनशे तीन आणि तीन हजार तीन. शाकल्य म्हणतो 'ओम्', आणि लगेच पुन्हा विचारतो, पण देव किती? तेहेतीस. ओम्, पण किती? असं करत एकापर्यंत येतात. तिथला ओम् हा ध्यानाचा नाही. तो 'बरं बरं, पुढे?' असा आहे.

इंग्रजी 'येस'सुद्धा असाच जोडकाम केलेला. जुन्या इंग्रजीतल्या 'गेसे'चं ते रूप, आणि त्यात बहुधा दोन शब्द आहेत: 'येआ' म्हणजे हो, आणि 'सी' म्हणजे 'असो'. एके काळी इंग्रजांकडे दोन होकार आणि दोन नकार होते. सरळ प्रश्नाला 'ये' किंवा 'ने', आणि नकारार्थी प्रश्नाला 'येस' किंवा 'नो'. यावरून एक जबरदस्त भांडण झालं. विल्यम टिंडलने नवा करार इंग्रजीत आणला. त्यात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात, 'तू तो संदेष्टा आहेस का?' आणि तो उत्तर देतो, 'नो'. १५३२ मध्ये सर थॉमस मोर हा कट्टर कॅथलिक विद्वान त्याच्यावर तुटून पडला: सरळ प्रश्नाला 'ने' हवं, ज्याला एवढं इंग्रजी येत नाही तो बायबल काय भाषांतरणार! उदाहरणंही शेलकी दिली. 'पाखंडी माणूस पवित्र ग्रंथाचं भाषांतर करायला लायक आहे का?' याला 'ने' म्हणावं. 'लायक नाही का?' याला 'नो' म्हणावं. गंमत अशी की त्याने छापलेला नियम आणि त्याने दिलेली उदाहरणं एकमेकांच्या उलट आहेत.

तीन वर्षांनी याच मोरपुढे राजाने सवाल टाकला: आठवा हेन्री हा इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख, हे मान्य आहे का? मोर 'हो'ही म्हणाला नाही आणि 'नाही'ही म्हणाला नाही. गप्प राहिला. खटल्यात त्याने बचाव केला तो कायद्यातल्या जुन्या वचनाने, की जो गप्प राहतो त्याची संमती आहे असं धरावं. आपल्या 'मौनं संमतिलक्षणम्'चा हा लॅटिन भाऊ. न्यायालयाने ते धरलं नाही. जुलै १५३५ मध्ये मोरचं डोकं उडवलं, पुढच्या वर्षी ऑक्टोबरात टिंडलला ब्रसेल्सजवळ गळा आवळून मारलं आणि जाळलं. 'नो' की 'ने' हा वाद त्यानंतर लवकरच इंग्रजीनेच मिटवला. चारातले दोन शब्द टाकून दिले.

फ्रेंच, जर्मन, स्वीडिश यांनी मात्र ती सोय टाकली नाही. 'तू आला नाहीस ना?' याला 'आलो होतो' असं उलटून सांगायचं तर फ्रेंच माणूस 'वी' म्हणत नाही, 'सी' म्हणतो. जर्मन 'डॉख' म्हणतो, स्वीडिश 'यू'. खोडून काढणारा होकार. तुलूजच्या त्या घरातली पाच वर्षांची मुलगी या 'सी'ची उस्ताद आहे. आई म्हणाली, 'तू दात घासले नाहीस', की ती मान उडवून ठणकावते, 'सी!' आणि पुढचं भांडण मराठीत. आपल्याकडे हे काम करायला वेगळा होकार नाही, आपण शेपटीला 'की' लावतो. 'घासले की!' त्या एका 'की'त 'डॉख'चा सगळा ठसका आहे.

आपली खरी पंचाईत उलट टोकाला असते. 'जेवण झालं नाही ना अजून?' याला आपण शांतपणे म्हणतो, 'हो, नाही झालं.' आपला होकार समोरच्याच्या म्हणण्याला असतो, वस्तुस्थितीला नव्हे. युरोपात बहुतेक ठिकाणी होकार-नकार वस्तुस्थितीला चिकटलेले. न झालेल्या जेवणाला 'हो' म्हटलं की ते ताटं उचलायला लागतात.

सेल्टिक भाषांनी तर या भानगडीत पडायचंच नाही असं ठरवलेलं दिसतं. आयरिश भाषेत आजही 'हो' आणि 'नाही' नाहीत. क्रियापद उलट फेकायचं, रोमनांसारखं. डब्लिनच्या संसदेत मतदानाच्या दोन बाजू असतात 'तॉ' आणि 'नील', म्हणजे 'आहे' आणि 'नाहीये'. आणि आयरिश माणूस इंग्रजी बोलतो तेव्हाही 'येशील?'ला 'येस' न म्हणता 'येईन' म्हणतो, जे आपल्याला अजिबात खटकत नाही. वेल्श भाषेत तर काळ, पुरुष, क्रियापद बघून होकार निवडावा लागतो. सप्टेंबर १९९७ मध्ये वेल्सला स्वतःची विधानसभा हवी की नको यावर सार्वमत झालं, तेव्हा प्रचाराचे फलक वेल्श 'ये'चे, म्हणजे 'हो'चे होते, पण मतपत्रिकेवर पूर्ण वाक्यं होती: 'मी सहमत आहे', 'मी सहमत नाही'. अकरा लाखांवर मतं पडली आणि 'सहमत' जिंकले ६,७२१ मतांनी. पोर्तुगीजही 'सिं' हाताशी असून पुष्कळदा क्रियापदावरच भागवतात. 'जेवलास?' 'जेवलो.' साडेचारशे वर्षं गोव्यात राहून एवढी तरी सवय जुळली.

रुमानियनने आणखी वेगळा मार्ग काढला. भाषा लॅटिनची लेक, पण होकार शेजारच्या स्लाव्हांकडून उचललेला 'दा'. घरात 'हो' नव्हता तर आणला उसना, लाजायचं काय त्यात.

आणि ग्रीकांनी तर वर सांगितलेला माझा सगळा सिद्धांतच उधळला. त्यांच्या नकारात 'न' नाही, तो 'ओखी'. आणि होकार 'नाई' असा लिहितात, उच्चारतात 'ने'. कोकणातला माणूस अथेन्समध्ये उतरला तर त्याला वाटेल सगळं शहर आपल्याला नकार देतंय. ग्रीस ओलांडून उत्तरेला बल्गेरियात गेलं की 'ने' म्हणजे पुन्हा 'नाही'. त्यावर कडी अशी की बल्गेरियन माणूस 'हो' म्हणताना मान आडवी हलवतो आणि 'नाही' म्हणताना उभी. १८७७-७८ च्या तुर्की युद्धात बल्गेरियात गेलेल्या रशियन सैनिकांचा यावरून झालेला घोळ रोमान याकॉब्सन या भाषाशास्त्रज्ञाने नोंदवलाय. रशियनांनी आपल्या पद्धतीने मान हलवली की उलटा अर्थ व्हायचा. म्हणून त्यांनी बल्गेरियन पद्धत उचलली. मग बल्गेरियन लोक विचारात पडायचे की हा आता त्याच्या पद्धतीने हो म्हणतोय की आपल्या?

उत्तर स्वीडनमध्ये होकाराला शब्दही लागत नाही, ओठ आवळून झटकन आत श्वास ओढला की 'हो' झालं. परक्याला वाटतं याला ठसका लागला.

चेक लोकांचा 'आनो' मूळचा 'आणि ते' अशा अर्थाचा. बोलताना त्याचा पुढचा 'आ' गिळला जातो. त्यामुळे प्रागमध्ये ट्रॅममध्ये शेजारी बसलेला माणूस फोनवर पाच मिनिटं 'नो, नो, नो' करत असेल, तर समजावं की पलीकडच्याचं सगळं म्हणणं त्याला मान्य आहे.